जुन्या पिस्तुलाला दुसऱ्याचा पार्ट का बसत नाही : थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात जुन्या वाड्यातनं, शिकारीचा नाद असलेल्या घराण्यांच्या कपाटातनं अधनंमधनं एखादं ठासणीचं पिस्तूल निघतं, घोडा तुटलेला नाहीतर आतली स्प्रिंग गेलेली, आणि पहिला प्रश्न हाच की पार्ट मिळतोय का कुठं. उद्यमनगरात सॅम्पल दिलं की काय पण करून देतात, पण इथं सॅम्पलच गायब असतंय. मग लोक तसंच दिसणारं दुसरं पिस्तूल शोधतात, आणि तो घोडा काय बसत नाही.

याला कारण बनवायची पद्धत. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमचं पिस्तूल एका माणसाचं नसायचंच. लॉक, म्हणजे घोडा-स्प्रिंग असलेली बार पेटवायची यंत्रणा, डार्लस्टन नाहीतर वेन्सबरी या जवळच्या गावांत व्हायचं, नळी दुसरीकडं, लाकूडकाम तिसऱ्याकडं, आणि शेवटी कानस मारत मारत एकेक पार्ट शेजारच्या पार्टाला बसवायचा. म्हणजे एकाच दुकानातली दोन पिस्तुलं शेजारी ठेवली तरी यातला पार्ट त्यात जाईलच असं नाही. पार्टांची अदलाबदल होऊ नये म्हणून कारागीर आतल्या बाजूला ठिपके नाहीतर रोमन आकडे कोरून ठेवायचे, जाणकार आधी तेच बघतो. कंपनी सरकारच्या लॉकवर १८०८ पर्यंत बदामाचा शिक्का, पुढं सिंह, त्यावरनं काळ कळतो, माप नाही.

सारखे पार्ट करायची कल्पना तशी जुनी. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांक या बंदूक कारागिरानं सुट्या पार्टांचा ढीग अमेरिकेचा तिथला वकील जेफरसन (पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो) याच्यापुढं ठेवला, जेफरसननं हाताला येईल तो पार्ट उचलून लॉक जोडून बघितली, जमली. १८०१ मध्ये एली व्हिटनी या कारखानदारानं अमेरिकेत तसाच प्रयोग दाखवला, पण नंतर त्याच्या बंदुका तपासल्या तर पार्ट एकमेकांत बसेनात, माझ्या मते तो निम्मा तमाशाच होता. खरं काम जॉन हॉलनं हार्पर्स फेरीच्या अमेरिकन सरकारी शस्त्र कारखान्यात १८२० च्या दशकात केलं. रिव्हॉल्व्हरवाल्या अमेरिकन कोल्टनं १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात यंत्रावरची रिव्हॉल्व्हरं मांडली, १८५३ ला तिथं कारखानाही काढला, तरी शेवटचा हात कानशीचाच, म्हणून तर मुख्य पार्टांवर सीरियल नंबर मारलेला असतो, आणि नंबर जुळले तरच माल ओरिजनल धरतात.

त्यात स्क्रूचा वेगळा घोळ. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं आट्याचं माप ठरवलं १८४१ ला, त्याआधी ज्याचा त्याचा आटा. आणि फोरसिथनं १८०७ ला ठोक्यानं बार पेटवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यानंतर हळूहळू चकमक जाऊन घोड्याच्या ठोक्यानं पेटणारी टोपी आली, तेव्हा पुष्कळ जुनी पिस्तुलं नव्या पद्धतीची करून घेतली, म्हणजे लॉकची प्लेट एका काळची आणि घोडा दुसऱ्या काळचा. प्लेटवर बुजवलेली भोकं दिसली की समजायचं. पुढं बेल्जियमचं लिएज आणि स्पेनचं एबार इथल्या नकला आल्या, बाहेरनं कोल्ट नाहीतर स्मिथ अँड वेसन, आतनं भलतंच.

आपल्याकडं कायदाही यात येतो बरं का. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं लायसन्स लागलं, आत्ताचा कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही चालण्याजोगं नसेल तरच. त्यामुळं पार्ट शोधायच्या आधी लायसन्सचं बघायचं, आणि काम लायसन्सवाल्या कारागिराकडंच द्यायचं.