आरव्हीतला इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर

लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर आपल्या घरोघरी आला. लाइट गेली की तो पंखे चालवतो, आली की तोच बॅटरी भरतो. त्यामुळे अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेताना आपला माणूस ‘इन्व्हर्टर आहे ना?’ एवढंच विचारतो आणि निर्धास्त होतो. तिथल्या बऱ्याच गाड्यांत मात्र ही दोन कामं दोन वेगळी खोकी करतात.

कन्व्हर्टर बाहेरून आलेल्या १२० व्होल्ट एसीचे साधारण १२ व्होल्ट डीसी करतो. दिवे, पाण्याचा पंप चालतो, बॅटरीही भरते. कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज देणारा खांब नसेल आणि जनरेटर बंद असेल, तर त्याला काही कामच नाही. इन्व्हर्टरचं उलट. बॅटरीतल्या १२ व्होल्टचे तो १२० करतो. तो बॅटरीतून फक्त काढतो, टाकत काहीच नाही.

ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या वाळवंटात हिवाळाभर कुठलीही जोडणी नसलेल्या आरव्ही उभ्या असतात. अशा ठिकाणी नवखा माणूस एरवी खांबाला लावायची गाडीची जाड केबल थेट इन्व्हर्टरला लावतो. गाडीतले सगळे प्लग चालू होतात, तो खूश. पण त्याच विजेवर कन्व्हर्टरही जागा होतो आणि बॅटरीतलीच वीज काढून बॅटरी भरायला लागतो. या खिशातले पैसे त्या खिशात, वर दोन्हीकडे दलाली! सकाळी बॅटरी झोपलेली. अशी जोडणी करायचीच असेल, तर आधी कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडायचा.

किटलीचाही हिशेब बघा. १००० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली, की बॅटरीतून ९०-९५ अँपिअर ओढले जातात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, आणि तेही इतक्या ओढीला पुरते मिळत नाहीत. बहुतेक गाड्यांत गॅसची शेगडी असतेच, चहा तिच्यावर करावा.

जुने कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच्या आसपास अडकून राहतात. जनरेटर तासन्‌तास घरघरतो, बॅटरी मात्र रांगत भरते. नवे टप्प्याटप्प्याने चार्ज करणारे आधी १४.४ पर्यंत नेतात. लिथियम बॅटरी असेल, तर कन्व्हर्टर तिला चालणारा आहे का, हे विचारूनच घ्या.

काही गाड्यांत दोन्ही कामं करणारं एकच खोकं असतं, अगदी आपल्या घरच्यासारखं. गाडी ताब्यात घेताना केबल खांबाला लावून बॅटरीवर मीटर धरा. आकडा १३ च्या वर चढला, तर चार्जिंग चालू आहे. १२.४ वरच बसून राहिला, तर चावी घेण्याआधी भाड्याने देणाऱ्याला बोलवा.