पहिल्या चहाआधीची गोळी

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत सकाळचा चहा झाल्यावरच विड्या वळायचे सूप मांडीवर येते. त्या घरातल्या एखाद्या बाईची थायरॉईड ग्रंथी कर्करोगामुळे पूर्ण काढलेली असेल, तर तिच्या पुढच्या आयुष्यातला महत्त्वाचा उपचार त्या चहाआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात होत असतो.

लेव्होथायरॉक्सिनची ही गोळी दुहेरी काम करते. ग्रंथी गेल्यामुळे न बनणारे संप्रेरक ती पुरवते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारे, थायरॉईडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक खाली ठेवते. हे टीएसएच मागे राहिलेल्या कर्कपेशींनाही वाढीला उत्तेजन देते. गोळी चहाबरोबर घेतली की रक्तात कमी उतरते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्यापासून चार तास लांबच हव्यात. शस्त्रक्रियेत शेजारच्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथींना धक्का बसलेल्या रुग्णाला कॅल्शियमही लिहून दिलेले असते, आणि दोन्ही पाकिटे एकाच डब्यात असल्याने दोन्ही गोळ्या एकाच घोटात जातात.

या कर्करोगाच्या दर 10 रुग्णांपैकी साधारण 8 जणांना होणारा पॅपिलरी प्रकार सौम्य मानला जातो. तो ग्रंथीपुरता असताना सापडला, तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 99 टक्क्यांच्या वर आहे. मात्र ‘पाच वर्षे झाली, सुटलो’ हा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण मानेतल्या लसीकाग्रंथींत तो दहा-वीस वर्षांनीही डोके वर काढू शकतो. त्यासाठी मानेची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी होत राहावी लागते. हे प्रथिन केवळ थायरॉईडच्या पेशी बनवतात, म्हणून ग्रंथी काढून किरणोत्सारी आयोडीन दिल्यानंतर ते वाढू लागले की शंका घ्यावी. रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असल्यास आकडा फसवा येतो. म्हणून थायरोग्लोब्युलिन आणि प्रतिपिंडे या दोन्ही तपासण्या एकत्र करतात.

उरलेल्या थायरॉईड पेशी नष्ट करणारे हे किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-131, देण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आयोडीनयुक्त मीठ, दूध-दही, अंडी, मासळी बंद असते, जेणेकरून उरलेल्या पेशी आयोडीनला आसुसलेल्या राहतील. ज्वारीची भाकरी चालते, शेंगाचटणीही चालते. फक्त ती घरी, डॉक्टरांनी सांगितलेल्या आयोडीनविरहित मिठात कुटलेली हवी. अर्थात हा डोस सर्वांना लागतोच असे नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठींवरील एका फ्रेंच अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर आयोडीन न दिलेल्या रुग्णांची स्थिती तीन वर्षांनंतर ते दिलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. 2022 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला या क्षेत्रातली मोठी सुटका वाटते.

गोळीच्या मात्रेचेही तसेच आहे. टीएसएच वर्षानुवर्षे फार खाली दाबून ठेवले, तर पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे विरळ होतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून आजाराचा मागमूस नसलेल्या रुग्णाची मात्रा डॉक्टर काही काळाने कमी करतात. पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तीच मात्रा आणत राहणाऱ्यांच्या बाबतीत हा बदल राहूनच जातो.