फुग्यातून पळणारा वायू

अर्धी वाटी कोकमाचं आगळ बाटलीत घ्या. फुग्यात चमचाभर खायचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडावर ओढा आणि सोडा आत पाडा. लालभडक आगळ फसफसून काळपट होतं, फुगा फुगतो. त्याला गाठ मारा. शेजारी तेवढाच दुसरा फुगा पंपाने हवा भरून टांगा. सकाळी हवेचा फुगा जवळपास तसाच असेल, आगळाचा मात्र सुरकुतलेला.

भोक तर कुठेच नाही! सोडा आणि आगळातल्या आंबटातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रबरातच विरघळतो, झिरपत पलीकडे जातो आणि हवेत सुटतो. हवेत मुख्यतः असलेल्या नायट्रोजनला हे तितकं जमत नाही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जे. के. मिचेल यांनी रबरी फुग्यांतली ही गळती १८३१ च्या सुमारास नोंदवली. तिचा हा उलगडा रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये केला. म्हणून रबरासारख्या, भोकं नसलेल्या पडद्याला चाळणी म्हणणं मला पटत नाही.

हे सगळं आठवतं ते सिंधुदुर्गातल्या घरांमागचे गोबरगॅस बघताना. त्या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. चुलीला तेवढं चालतं. पण सिलिंडरमध्ये दाबून रिक्षा चालवायची, तर मिथेन ९० टक्क्यांच्या वर हवा.

इथे सेल्युलोज ॲसिटेटसारख्या प्लास्टिकचा पडदा कामी येतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनपेक्षा बारीक, शिवाय प्लास्टिकमध्ये जास्त विरघळणारा. म्हणून तो कितीतरी पट वेगाने पार होतो. पडदा जाड असेल तर वायू रेंगाळतो, म्हणून काम करणारी साय असते मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्शाएवढी, खाली त्याच प्लास्टिकचा सच्छिद्र आधार. ही युक्ती मुळात समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी, १९६० च्या आसपास लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी शोधली. आता त्याचे पोकळ धागे काढतात आणि खराट्याच्या हिरांसारखे हजारो धागे एका नळीत बांधतात. दाबाखालचा वायू आत सोडला की मिथेन दुसऱ्या टोकाला पोचतो, कार्बन डायऑक्साइड वाटेतच बाहेर पडतो.

अडचणी आहेत. दाब वाढला की हाच कार्बन डायऑक्साइड प्लास्टिक फुगवतो, मग मिथेनही निसटू लागतो, आणि हवेत सुटलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. म्हणून बाहेर पडलेला वायू दुसऱ्या पडद्यातून गाळून मिथेन परत घ्यावा लागतो. शिवाय पहिल्या पडद्याआधीच वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो. कॉम्प्रेसरचा खर्च दोन गुरांच्या गोठ्याला झेपणारा नाही. अख्ख्या वाडीचं शेण एका टाकीत आलं, तरच हे जमवता येईल असं मला वाटतं.