कामाच्या ठिकाणची धार्मिक समावेशकता

निरनिराळ्या धर्मांच्या, तसेच कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना आपली श्रद्धा लपवावी न लागता आणि तिच्यापायी नोकरीत मागे न पडता काम करता यावे, यासाठी आस्थापनेने केलेली व्यवस्था. सुट्या, पाळ्या, जेवण, पोशाख, प्रार्थना आणि नेमणूक हे तिचे मुख्य विषय होत. सणाला मिठाई वाटल्याने किंवा कार्यालय सजवल्याने वातावरण चांगले राहते, व्यवस्था मात्र तशीच राहते. कसोटी लागते ती हजेरीपटावर. ज्याचा सण कंपनीच्या सुट्यांच्या यादीत नाही त्याला त्या दिवशीची रजा साहेबांच्या मर्जीने मिळते की आधी ठरलेल्या नियमाने, हा मूळ प्रश्न आहे. मर्जीची सवलत साहेबांच्या बदलीबरोबर जाते, आणि ती मागताना माणसाला दरवेळी आपण वेगळे आहोत हे सांगावे लागते. म्हणून लेखी नियमाचे महत्त्व फार मोठे.

इतिहास

श्रद्धा आणि कामाचा वार यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्यामुळे त्या दिवशी घाणा बंद असे. गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा स्वतःचा असल्याने वार पाळणे त्यांच्या हाती होते आणि गावानेही ते स्वीकारले होते.

गिरणीत कामगाराच्या हाती वार राहिला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना बांधली आणि रविवारची सुटी मागितली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे घाटावरून आलेल्या मराठी कामगाराला तो आपला वाटत होता. इंग्रजांच्या कचेऱ्या ख्रिस्ती उपासनेचा दिवस म्हणून त्याच दिवशी बंद असत. एका वारात दोघांची सोय झाली. गिरण्यांच्या मागखात्यांतल्या, म्हणजे विणकाम विभागांतल्या, मुसलमान विणकरांची शुक्रवारची नमाज मात्र कामाच्या दिवसातच राहिली. आज धर्मनिरपेक्ष वाटणारा कामाचा आठवडा असा कुणाच्या तरी उपासनेच्या वाराभोवती घडलेला आहे. ज्यांचा वार त्यात बसला त्यांना काही मागावे लागले नाही. ज्यांचा बसला नाही त्यांची मागणी ‘खास सवलत’ ठरली. धार्मिक सोयींच्या चर्चेत हा इतिहास नेहमी ध्यानात ठेवायला हवा.

सुट्या

भारतात सर्वांत पक्की व्यवस्था सरकारी सुट्यांची आहे. दिल्लीबाहेरच्या केंद्र सरकारी कार्यालयांना १४ सक्तीच्या सुट्या असतात. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती सोडल्यास त्यांत दसरा, दिवाळी, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, गुड फ्रायडे आणि नाताळ येतात. होळी, गणेश चतुर्थी, रामनवमी, ओणम अशा १२ दिवसांच्या यादीतून आणखी ३ सुट्या त्या त्या ठिकाणची कर्मचारी समन्वय समिती ठरवते. याशिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला निर्बंधित सुट्यांच्या यादीतून आपल्या पसंतीचे २ दिवस घेता येतात. या शेवटच्या तरतुदीचे मोल मोठे आहे, कारण संख्येने लहान अशा प्रत्येक समाजाचा सण सक्तीच्या यादीत येऊ शकत नाही. राज्यांच्या याद्या स्थानिक वस्तीप्रमाणे बदलतात. महाराष्ट्रात पारशी नववर्षाला आणि डॉ. आंबेडकर जयंतीला, तर गोव्यात ३ डिसेंबरला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, सुटी असते.

खाजगी क्षेत्रासाठी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ महत्त्वाचा आहे. आधी १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता; २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० झाली. त्यात वर्षाला ८ पगारी सुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी एकमेकांच्या संमतीने ठरवायचे. कायद्याने येथे चर्चेची जागा ठेवली आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र चर्चा होत नाही आणि मनुष्यबळ विभागाची यादी डिसेंबरात थेट ईमेलने येते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हिंदू सुमारे ८० टक्के, मुसलमान ११.५, बौद्ध ५.८, जैन सव्वा टक्का आणि ख्रिस्ती सुमारे एक टक्का आहेत. चारही दिवस बहुमताने ठरवले तर ते बहुसंख्याकांच्याच सणांना जाणार हे उघड आहे. यावर उपाय म्हणून काही कंपन्या दोन-तीन दिवस सर्वांसाठी समान ठेवतात आणि त्यावर ‘तरत्या’ सुट्या देतात. त्या कोणत्या सणाला घ्यायच्या हे ज्याचे त्याने ठरवायचे, कारण सांगायचे नाही. कारण विचारले की पुन्हा मर्जी आली.

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सणांची अडचण वेगळी. यादीतली तारीख ऐनवेळी एका दिवसाने सरकू शकते, आणि ‘सात दिवस आधी अर्ज करा’ हा साधा वाटणारा नियम ईदच्या रजेला आडवा येतो. तारीख दुसऱ्याही कारणाने बदलते. २०२४ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी लागून आल्या, तेव्हा विसर्जनाच्या गर्दीचा विचार करून मुंबईतल्या मुस्लिम प्रतिनिधींनी जुलूस पुढे नेला आणि राज्य सरकारने शहरापुरती ईदची सुटी १६ वरून १८ सप्टेंबरला हलवली. शहर असे समंजसपणे वागते तेव्हा कंपनीनेही आपली यादी त्याच दिवशी बदलली पाहिजे. न बदलल्यास कर्मचाऱ्याला सण असलेल्या दिवशी काम आणि नसलेल्या दिवशी सुटी मिळते.

दिवसाची वेळ

सण वर्षातून एकदा येतो, उपासना रोजची असते. शुक्रवारच्या सामुदायिक नमाजेला जाण्या-येण्यासह तास-दीड तास लागतो. त्या दिवशी जेवणाची सुटी लांबवून तेवढे काम सायंकाळी भरून घेणे ही रुळलेली पद्धत आहे. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते, तर चौविहार पाळणाऱ्या जैनाला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे लागते. हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या कार्यालयात दुपारच्या पाळीत हे दोघे शेजारी बसलेले असतात. सायंकाळची सुटी सात वाजता असा ताठ नियम दोघांनाही अडचणीचा. तीच सुटी साडेपाच ते साडेसात यांमध्ये केव्हाही घेऊ दिली, तर दोघांचीही सोय होते, खर्च काहीच वाढत नाही आणि कुणाला आपला धर्म सांगावाही लागत नाही. चांगल्या नियमाची ही खूण: तो सर्वांसाठी असतो आणि ज्याला गरज असते त्याला आपोआप उपयोगी पडतो. संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये खाजगी नोकरदारांचे कामाचे तास रोज दोनने कमी होतात आणि ही सवलत रोजा न धरणाऱ्यांनाही असते. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना ती चांगलीच परिचयाची आहे.

प्रार्थनेसाठी लहान, स्वच्छ, कोणत्याही धर्माचे चिन्ह नसलेली खोली बहुतेक कार्यालयांना परवडते. जवळ हातपाय धुण्याची जागा हवी.

जेवण आणि पूजा

भारतात ताटावरून धर्म ओळखला जातो आणि जातही. त्यामुळे कॅन्टीन ही जागा नाजूक आहे. मांसाहार न शिजवणारे कॅन्टीन ही सोय किंवा काटकसर असू शकते. घरून आणलेल्या डब्यातही मासे-मटण नको असा फलक लावणे म्हणजे सहकाऱ्याच्या घराला अशुद्ध ठरवणे होय. वेगळे डाव, वेगळी भांडी, प्रत्येक पदार्थावर घटकांची ठळक नोंद, कांदा-लसूण व कंदमुळांविना एक भाजी आणि हलालची खात्रीशीर माहिती एवढ्याने शाकाहारी माणसाचा सोवळेपणाही राखला जातो आणि इतरांचा मानही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा ही महाराष्ट्रातल्या कारखान्यांची आवडती प्रथा आहे. लेथला हार घालताना अनेक ठिकाणी सर्व धर्मांचे कामगार हौसेने पुढे असतात आणि त्या प्रेमात खोट नसते. सत्यनारायणाच्या पूजेची वर्गणी पगारातून परस्पर कापली किंवा न येणाऱ्याचे नाव नोंदले, तर मात्र प्रथा सक्ती बनते. सहभाग ऐच्छिक, वर्गणी ऐच्छिक आणि अनुपस्थितीची चर्चा नाही, एवढे पथ्य पुरते. नास्तिकांनाही ते लागू आहे. त्यांना सण नाही म्हणून दर दिवाळीची पाळी त्यांच्याच गळ्यात घालणे हासुद्धा भेदभावच.

पोशाख आणि सुरक्षा

येथे धर्माच्या आड काही वेळा खरी सुरक्षा येते आणि काही वेळा सुरक्षेचे नुसते नाव येते. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, सैल हिजाब, मंगळसूत्र, बांगड्या किंवा मनगटातला गंडा या सगळ्यांचाच धोका असतो. नियम सर्वांना सारखा असेल तर तो पटतो. अंगालगतचा, टोके आत खोचलेला हिजाब हा त्यावर पर्याय आहे. घट्ट बसणारा श्वसनमुखवटा दाढीवर नीट बसत नाही, अशा वेळी डोक्यावरून घेण्याच्या सैल टोपीचे, हवा पुरवणारे उपकरण देता येते. ब्रिटनने १९८९ च्या रोजगार कायद्याने बांधकामाच्या जागी पगडीधारी शीखांना शिरस्त्राणातून सूट दिली आणि २०१५ मध्ये ती बहुतेक सर्व कामाच्या ठिकाणांना लागू केली. खरी सुरक्षा आणि इतर कारणे यांतला फरक मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केला. ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचारी नादिया इवायदा यांना गळ्यात क्रूस दिसेल असा घालण्याचा हक्क मिळाला, कारण कंपनीजवळ प्रतिमेखेरीज कारण नव्हते. रुग्णालयातल्या परिचारिका शर्ली चॅप्लिन यांना मिळाला नाही, कारण तेथे रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न होता.

कायदे

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात १९७२ च्या दुरुस्तीने मालकावर धार्मिक गरजांची वाजवी सोय करण्याची जबाबदारी आली. ‘अवाजवी त्रास’ होत असेल तरच सुटका. १९७७ च्या हार्डिसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किरकोळाहून अधिक खर्च म्हणजेच अवाजवी त्रास, असा अर्थ लावला आणि शनिवार पाळणारा विमान कंपनीचा कामगार हरला. पुढे जवळजवळ अर्धे शतक या अर्थाने कायदा पोकळ झाला. २०२३ मध्ये रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या जेराल्ड ग्रॉफ यांच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की धंद्याच्या आकारमानाने भरीव म्हणता येईल असा बोजा मालकाने दाखवला पाहिजे, आणि सहकाऱ्यांचा त्या धर्मावरचा राग हा बोजा म्हणून धरता येणार नाही.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करता येत नाही. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्र. १११ भारताने १९६० मध्ये स्वीकारला. तरीही खाजगी मालकाला धर्मावरून नोकरी नाकारण्यास सरसकट मनाई करणारा केंद्रीय कायदा नाही. अडथळा दारातच असतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला होकार येण्याची शक्यता कमी आणि मुस्लिम नावाला त्याहून कमी निघाली.

नोकरी लागल्यावरही दाद मागण्याची वाट अरुंद आहे. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. धर्मावरून होणारे टोमणे, ‘तुम्ही लोक’ अशी भाषा किंवा सणाच्या दिवशी मुद्दाम लावलेली पाळी यांसाठी तशी समिती कायद्याने बंधनकारक नाही. ज्या कंपन्यांनी स्वतःच्या आचारसंहितेत धार्मिक छळ हा स्वतंत्र गुन्हा नोंदवून त्याची तक्रार थेट वरिष्ठाऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नेण्याची सोय केली आहे, तेथे कर्मचाऱ्याजवळ निदान एक लेखी कागद असतो. इतरत्र कर्मचारी साहेबांच्या मर्जीवरच अवलंबून राहतो.