वीरगळ

लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीत गावात उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. कानडीत कल्लु म्हणजे दगड, समासात क चा ग होऊन वीरगल्लु, आणि त्यावरून मराठीत वीरगळ आला असं बहुतेक अभ्यासक धरतात. गद्धेगळ (गाढवाचं शिल्प असलेला शापाचा दगड) हा शब्दही त्याच साच्यातला आहे त्यामुळे हेच पटतं, गळ्याशी किंवा माशाच्या गळाशी त्याचा संबंध नाही. तो वीरगळ की ती वीरगळ, लोक दोन्ही म्हणतात.

दगड खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली आडवा पडलेला वीर, गुरं पळवणाऱ्यांशी लढून मेला असेल तर शेजारी गाई, त्यावर लढाई, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. पण नावच बहुतेक ठिकाणी कोरलेलं नाही! कर्नाटकात लेख भरपूर मिळतात, बेंगळुरूजवळच्या बेगूरच्या साधारण ९ व्या शतकातल्या वीरगळावर तर बेंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे, महाराष्ट्रात मात्र लेख असलेले वीरगळ फार थोडे.

त्यामुळे काळ ठरवायला शिल्पच बघावं लागतं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलीय. काहीजण ती ११ व्या शतकातली मानतात, काहीजण १२६५ च्या सुमाराची, कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं यादवांचा मंत्री हेमाद्रीने लिहिलंय म्हणून दुसरं मत जास्त जुळतं, पण वाचण्याजोगा लेख उरलेला नसल्याने शिक्का मारता येत नाही.

सतीशिळा वेगळी, तिच्यावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो. कधीकधी एकाच दगडावर दोन्ही दिसतं.

खूप गावांत वीरगळ देव समजून पूजतात, शेंदूर लावतात. त्यात वाईट काही नाही, त्यामुळेच कित्येक दगड टिकले. पण ऑइल पेंट मारला किंवा पायरीत सिमेंटने बसवला की बारीक कोरीवकाम बुजतं, आणि लेख नसलेल्या दगडावर तेवढाच पुरावा असतो हो, कृपा करून रंगवू नका.

पहिल्या महायुद्धानंतर काही गावांत सरकारी पाट्या बसल्या, १९१४-१९१९ मध्ये गावातून किती गेले आणि किती मेले एवढे आकडे. नावं त्यांच्यावरही नाहीत.