शेपटीवरचा आकडा: सिल्व्हिया, १८०एसएक्स, २४०एसएक्स यांची पार्श्वभूमी

जपानच्या निस्सान कंपनीच्या सिल्व्हिया, १८०एसएक्स, २४०एसएक्स या गाड्यांच्या कुटुंबावर बोलणं निघालं की गाडी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडते: १८०एसएक्समध्ये दोन लिटरचं इंजिन, मग मागे १.८ लिटर सांगणारा '१८०' हा आकडा का? त्यासाठी फार मागे जायला नको. १९६० च्या दशकात सिल्व्हिया नावाची हाताने घडवलेली कूपे (दोन दारांची गाडी) निघाली, ५५४ गाड्या झाल्या, विषय संपला. सत्तरच्या दशकात नाव परत आलं आणि देश बदलला की नाव बदलायची सवयही तेव्हाच लागली. जपानात सिल्व्हिया, अमेरिकेत २००एसएक्स. एस११० पिढीपासून (हे पिढ्यांचे कंपनीतले सांकेतिक क्रमांक) जपानातल्या दुसऱ्या विक्रेत्यांकडे तीच गाडी 'गझेल' झाली, पुढच्या एस१२ पिढीत ऑस्ट्रेलियातही गझेलच. युरोपात मात्र ती सिल्व्हियाच राहिली. अमेरिकेतल्या २००एसएक्सला पुढे तीन लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) इंजिन मिळालं, तरी नावातले २०० हलले नाहीत. तेव्हा आकडा आणि इंजिन यांची फारकत १८० ने सुरू केली असा जो आरोप होतो, तो मुळातच खोटा.

मे १९८८ मध्ये सिल्व्हियाची पुढची पिढी, एस१३ आली. तोवर बरोबरीच्या बहुतेक छोट्या कूपे पुढच्या चाकांवर ताकद देऊ लागल्या होत्या. हिने मागची चाकं सोडली नाहीत, वर मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (चाक अनेक दांड्यांनी धरणारी रचना) घेतलं. त्या वर्षीचा जपानचा 'कार ऑफ द इयर' किताब तिलाच मिळाला. प्रकारांची नावं पत्त्यांवरून: जे, क्यू आणि के, म्हणजे गुलाम, राणी, राजा. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फक्त राजाला. इंजिन १८०९ सीसीचं, टर्बोसह १७५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती).

गझेल बंद झाली आणि तिच्या जागी १९८९ मध्ये १८०एसएक्स आली. खालचा सांगाडा एकच, पण मागे काच उघडणारा, उतरत्या छताचा फास्टबॅक आकार आणि पुढे उघडझाप करणारे, म्हणजे लावले की वर येणारे आणि नंतर आत मिटणारे दिवे. इंजिन १.८ लिटरचं, नाव १८०. इथपर्यंत हिशोब चोख होता.

त्याच सुमारास हाच फास्टबॅक युरोपात गेला. इंजिन तेच, १.८ टर्बो, पण पाटी लागली '२००एसएक्स'. सिल्व्हिया हे रुळलेलं नाव काढलं आणि त्या जागी दोनशे सीसी फुगवलेलं नाव बसवलं. याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. अमेरिकेत मात्र २००एसएक्स हे नाव उतरवून २४०एसएक्स आलं. तिथे कूपे आणि फास्टबॅक दोन्हींना उघडझाप दिवे, आणि टर्बो नाही. इंजिन २३८९ सीसीचं, आधी १४० अश्वशक्तीचं, १९९१ पासून १५५ चं. 'ट्रकचं इंजिन' ही शिवी तिथूनच आली, कारण त्याच घराण्यातलं इंजिन कंपनीच्या पिकअपमध्येही होतं. शिवी थोडी अन्यायाची आहे. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ते चांगलं ओढतं. पण आकड्यापुरतं बघाल तर १८०, २०० आणि २४० या तिघांत आपल्या नावाला शेवटपर्यंत जागलेली हीच एक.

आता मूळ तंटा. १९९१ मध्ये जपानातल्या दोन्ही गाड्यांना १९९८ सीसीचं नवं इंजिन मिळालं, टर्बोसह २०५ पीएस. सिल्व्हियाच्या नावात आकडा नव्हता, ती सुटली. १८०एसएक्स मात्र १८०च राहिली, ती थेट १९९८ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत. तिच्या एकूण आयुष्यातली जेमतेम दोन वर्षं नाव खरं होतं, उरलेली सगळी खोटं. याला कुणी आळस म्हणतं, कुणी विसराळूपणा. मला दोन्ही पटत नाही. कंपनीने गाडीचा सांकेतिक क्रमांक त्याच वेळी आरएस१३ वरून आरपीएस१३ केला होता. मधला 'पी' नव्या इंजिनाचा. म्हणजे बॉनेटखालच्या पाटीवर बदलाची नोंद आहे, शेपटीवर नाही. १८० हे तोवर मापाचं नाव राहिलंच नव्हतं, ती दुकानातली ओळख झाली होती. शिवाय २००एसएक्स करावं तर त्या नावाने युरोपात १.८ लिटरची गाडी फिरत होतीच. दुरुस्ती करायला जाऊन गोंधळ दुप्पट झाला असता.

तो झालाच, पण दुसऱ्या दाराने. १९९५ मध्ये अमेरिकेत २००एसएक्स हे नाव पुन्हा काढलं आणि कंपनीच्याच सेन्ट्रा या साध्या गाडीवरून बनवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या दोन दारांच्या गाडीला लावलं. त्याच वर्षांत युरोप आणि ऑस्ट्रेलियात २००एसएक्स म्हणजे एस१४, सिल्व्हियाची पुढची पिढी, मागच्या चाकांची टर्बो. जुन्या सुट्या भागांच्या जाहिराती वाचताना आजही इथेच पाय घसरतो.

एस१४ जपानात १९९३ च्या अखेरीस आली आणि १७३० मिमी रुंद झाली. तिथे १७०० मिमीच्या पुढे गाडी वरच्या वर्गात जाते, नंबरप्लेटवरचा वर्गाचा आकडा पाचऐवजी तीनने सुरू होतो. आपल्याकडे चार मीटरच्या आत बसवायला डिक्की कापतात, तसंच हे रुंदीचं. जपानी ग्राहकांना ती फोफावलेली रुचली नाही. १९९९ ची एस१५ परत १६९५ मिमीवर आली.

या मधल्या काळात घाटात गाडी आडवी घसरवत नेणाऱ्या (ड्रिफ्टिंग करणाऱ्या) पोरांनी नावांचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. १८०एसएक्सचं नाक फुटलं की सिल्व्हियाचं बसवायचं. ते हलकं, आणि उघडझाप दिव्यांची कटकट नाही. ही झाली 'सिलएटी', सिल्व्हियाचं 'सिल' आणि वन-एटीचं (१८०) 'एटी'. १९९८ मध्ये अशी तयार सिलएटी जपानात विकायलाही आली. उलटा प्रकार, म्हणजे सिल्व्हियाला १८०चं नाक, तो 'वनव्हिया'. कारखान्याने दिलेल्या नावांपेक्षा ही दोन मला जास्त प्रामाणिक वाटतात. निदान त्यांत काय कुठे जोडलंय ते कळतं.

ऑगस्ट २००२ मध्ये धुराचे नवे नियम आले आणि एस१५ सह सिल्व्हिया संपली. अमेरिकेत सिल्व्हिया या नावाने तिला अधिकृत प्रवेश कधी नव्हताच. पण पंचवीस वर्षं उलटलेल्या गाडीला तिथे सुरक्षा नियमांतून सूट मिळते, म्हणून २०१३ पासून जपानी एस१३ आणि २०२४ पासून एस१५ रीतसर बंदरात उतरू लागल्या. त्याआधीची कितीतरी वर्षं तिथले लोक आपल्या २४०एसएक्सना जपानी नाक आणि 'सिल्व्हिया'ची अक्षरं चिकटवत होते. त्यामुळे आता विकत घेणारा आधी बॉनेट उघडून पाटी वाचतो आणि मग किमतीचं बोलतो.