यंत्र उभे का राहते: मुंबईत जुनी बांधकाम यंत्रे मोडीत काढण्यामागची पार्श्वभूमी

मुंबईत कंत्राट संपले की चालती यंत्रे पुढच्या साइटवर जातात. पंप गेलेला पोकलेन, चेन तुटलेला डोझर किंवा गिअरबॉक्स बसलेला रोलर मात्र कुंपणाला लागून वर्षानुवर्षे गंजत राहतो. लोखंडाला गिऱ्हाईक नसते म्हणून नव्हे. गिऱ्हाईक नेहमीच असते. काम अडते ते कागदांवर, वाहतुकीवर आणि यंत्राच्या पोटातल्या तेला-रबरावर. हा गुंता कित्येक दशकांत साचला आहे.

मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये, व्हिक्टोरिया डॉक 1888 मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) 1914 मध्ये सुरू झाला. त्या काळातली यंत्रे म्हणजे बीड (ओतीव लोखंड), रिव्हेट मारलेले पोलाद आणि पितळ. बीड ठिसूळ असते, घणाने किंवा उंचावरून टाकलेल्या वजनाने फुटते. रिव्हेटांची डोकी छिन्नीने उडवली की सांधे सुटतात. अशा यंत्राचे जवळपास सगळे विकले जाई आणि टाकून देण्यासारखे फारसे उरत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. 1945 मध्ये लार्सन अँड टुब्रोने कॅटरपिलरची माती-कामाची यंत्रे भारतात विकण्याचा करार केला. युद्धातून शिल्लक राहिलेली यंत्रेही त्याच सुमारास स्वस्तात उपलब्ध झाली. हा उरलेला माल विकण्यासाठी सरकारने उभी केलेली यंत्रणा पुढे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयात सामावली; हे महासंचालनालय 2017 मध्ये बंद झाले. सरकारी खात्यांतली पद्धत याच परंपरेतली: यंत्र दुरुस्तीपलीकडे असल्याचा तांत्रिक अहवाल, निर्लेखनाची (यंत्र नोंदवहीतून कमी करण्याची) मंजुरी, राखीव किंमत, अनामत रक्कम, लिलाव, आणि ठरलेल्या मुदतीत माल उचलणे. महामंडळांचे आणि महापालिकांचे लिलावही बहुतेक याच क्रमाने चालतात, फक्त बोली आता ऑनलाइन लागते.

पुढची तीस-चाळीस वर्षे परकीय चलनाची टंचाई होती. कोयनेसारख्या धरणांवर आलेल्या आयात यंत्राचा एखादा गिअर मोडला तर सुटा भाग यायला महिनोन् महिने लागत. म्हणून बंद पडलेले यंत्र कोणी वितळवायला देत नसे. त्याचे भाग काढून दुसरे यंत्र चालते ठेवत. माती-कामाची यंत्रे बनवणारी बंगळुरूची बीईएमएल आणि भंगाराच्या व्यवहारासाठी स्थापलेली एमएसटीसी या दोन्ही सरकारी कंपन्या 1964 च्या, तरी देशी यंत्रे आल्यावरही ही सवय सुटली नाही. आधी पार्ट, शेवटी वितळ, हा क्रम आजही बाजाराचा पाया आहे. मालक यंत्र ठेवून देतो त्यामागचे एक मोठे कारण हेच: पुढे कधी तरी पंप लागेल, मोटर लागेल, या आशेवर ते उभे असते. पावसाळ्यागणिक त्याच पंपात पाणी शिरते, सील कडक होतात, सिलिंडरच्या रॉडवरचा क्रोम फुटतो आणि ज्या भागासाठी यंत्र राखले तोच भाग आधी मरतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होते.

मोडणारा बाजार वसला हार्बर मार्गावरच्या रे रोडजवळ, दारूखान्याला. बंदराची जमीन, जहाजे फोडण्याचे धक्के, गॅस कटर, क्रेन, वजनकाटे आणि पत्र्याची दुकाने, सगळे हाताशी. 1983 मध्ये गुजरातेत अलंग सुरू झाल्यावर मोठी जहाजे तिकडे वळली, तरी दारूखाना थांबला नाही. नौदलाची जुनी विक्रांत 2014 मध्ये इथेच फोडायला घेतली गेली. जहाजाचा जाड पत्रा कापणाऱ्या हातांना डोझरचे ब्लेड अवघड नव्हते. वाहनांच्या जुन्या भागांचा बाजार कुर्ल्याला फुलला, तर पोलादाचा घाऊक बाजार सिडकोने वसवलेल्या कळंबोलीकडे सरकला. आज पार्ट शहरात विकले जातात आणि वितळीचा माल बाहेर, जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन भट्ट्यांकडे (विजेवर भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या) जातो.

1990 च्या दशकाच्या अखेरीस शहरात उड्डाणपुलांची रांग लागली आणि 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तोवर एक-दोन जेसीबी किंवा एखादा पोकलेन कर्जावर घेऊन भाड्याने लावणारे असंख्य मालक तयार झाले होते. यंत्रेही पूर्ण हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, झाली. मोडणीचे खरे अवघडपण इथून सुरू होते.

20 टन वर्गातला पोकलेन घेऊ. त्याचे वजन 20 ते 22 टन. हायड्रॉलिक तेल 200 लिटरच्या आसपास किंवा जास्त, इंजिन ऑइल 20-25 लिटर, शिवाय स्विंग (वरचा भाग फिरवणारा गिअर) आणि फायनल ड्राइव्हचे (चेन फिरवणारा गिअर) गिअर ऑइल, कूलंट, टाकीतले उरलेले डिझेल. 24 व्होल्टसाठी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. तोल सांभाळणारे मागचे वजन, म्हणजे काउंटरवेट, सुमारे 4 टनांचे असते आणि सौद्यातली पहिली फसगत तिथेच होते. काही काउंटरवेट सबंध बिडाचे असतात, काही पत्र्याच्या पेटीत काँक्रीट भरलेले. काट्यावर दोन्ही सारखेच तोलतात, पण भट्टीवाला काँक्रीटचे वजन कापतो. म्हणून सौद्याआधी ठोकून आणि ड्रिलने एक भोक पाडून पाहणे बरे.

मोडण्याचा क्रम चुकला तर माणूस मरतो, म्हणून तो नीट सांगायला हवा. आधी बकेट आणि बूम (यंत्राचा लांब हात) जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करून लिव्हर हलवत उरलेला दाब काढायचा. अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणारी छोटी टाकी) आणि ब्रेकरच्या (दगड फोडणारा हातोडा) मागच्या डोक्यात नायट्रोजन भरलेला असतो. तो योग्य साधनाने सोडल्याशिवाय तिथे ज्वाला लावायची नाही. मग तेले वेगवेगळ्या ड्रममध्ये. डिझेल, कूलंट आणि हायड्रॉलिक तेल एकत्र ओतले की सगळाच ड्रम पुनर्प्रक्रियेला निकामी होतो. त्यानंतर बॅटरी, वायरिंग, रेडिएटर, होज आणि केबिनच्या काचा. पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, स्विंग मोटर, ट्रॅव्हल मोटर काढताना प्रत्येक तोंड प्लगने बंद करायचे, कारण आत रेती गेलेल्या पंपाला पार्टचा नव्हे, लोखंडाचा भाव मिळतो.

चेनचा ताण देणारी स्प्रिंग सर्वांत घातक. ती कित्येक टनांच्या दाबाखाली दाबलेली असते. ग्रीस व्हॉल्व्ह सैल करून चेन ढिली झाली तरी स्प्रिंगचा स्वतःचा दाब जात नाही, म्हणून तिचा संच कापायचा नाही. प्रेसमध्ये धरूनच सोडवायचा. लोडर आणि डंपरच्या चाकांचे तसेच. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडून टायर उतरवल्याशिवाय रिमवर गॅस कटिंग केले, तर आतले रबर तापून वायू सुटतो आणि टायर फुटून लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी) गोळीसारखी उडते. डिझेलची टाकी रिकामी म्हणजे सुरक्षित नव्हे. आतली वाफच पेट घेते. ती धुऊन पाण्याने भरूनच कापावी.

वितळीसाठी तुकडे साधारण 5 फूट × 2 फुटांच्या आत लागतात. बंद तोंडाचा सिलिंडर कधीही तसाच पाठवू नये. आत अडकलेले तेल किंवा पाणी भट्टीत क्षणात वाफ होते आणि वितळलेले पोलाद उसळून बाहेर येते. सिलिंडर कापून उघडा करणे ही मोडणाऱ्याची जबाबदारी आहे. क्रशरचे (खडी फोडणारे यंत्र) जबडे मँगनीज पोलादाचे असतात. ते चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून चुंबक-क्रेनखाली मागे राहतात आणि त्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक शोधावे लागते. नवी मुंबईच्या तुर्भे-पावणे पट्ट्यातल्या दगडखाणींच्या यंत्रांत हा माल भरपूर असे.

कायद्याने यंत्राकडे सबंध यंत्र म्हणून फारसे पाहिले नाही. तो त्याच्या अवयवांमागून आला. घातक कचऱ्याचे नियम 1989 मध्ये आले आणि आता 2016 चे लागू आहेत. वापरलेले तेल त्यात मोडते: ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे, सोबत फॉर्म 10 चे मॅनिफेस्ट (माल कोणाकडून कोणाकडे गेला याचा कागद), आणि साठवण सामान्यतः 90 दिवसांपर्यंत. बॅटऱ्यांसाठी 2001 चे नियम होते, त्यांची जागा 2022 च्या नियमांनी घेतली. टायरच्या विल्हेवाटीत उत्पादकाची जबाबदारी 2022 मध्ये ठरली. वाहन मोडणी केंद्रांचे नियम 2021 चे. यातला प्रत्येक नियम रास्त आहे, पण एका पोकलेनच्या मालकाला तीन-चार वेगवेगळ्या दारांत जावे लागते. बहुतेक जण जात नाहीत. तेल भंगारवाल्याला ‘सोबत’ जाते आणि पुढे कुठे ओतले जाते ते कोणी विचारत नाही. आमच्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा दोष हाच.

चाकांच्या यंत्राला आरटीओचा वेगळा अध्याय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत रबरी चाकांची किंवा पोलादी ड्रमची, ताशी 50 किमीपेक्षा जास्त न धावणारी यंत्रे ‘बांधकाम उपकरण वाहन’ म्हणून नोंदवली जातात. यंत्र कायमचे निकामी झाले तर मालकाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. कर्जाचा बोजा नोंदीवर असेल तर आधी वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35. हप्ते फिटूनही बोजा उतरवलेला नाही, अशी आरसी पुष्कळ सापडतात, आणि तेवढ्यासाठी जेसीबी उभा राहतो. नोंदणी रद्द न करता यंत्र कापले, तर कर आणि जबाबदारी कागदावर मालकाच्याच नावे राहते.

चेनवरच्या यंत्राला सहसा आरटीओ क्रमांक नसतो. वाट सोपी वाटते, पण मालकी सिद्ध करायला खरेदीचे बिल किंवा आयातीची कागदपत्रे एवढाच आधार असतो आणि ती हरवलेली असतील तर प्रामाणिक खरेदीदार मागे सरतो. वाहतूकही जड जाते. पोकलेनची रुंदी 2.8 ते 3 मीटर, तर वाहनाची सर्वसाधारण मर्यादा 2.6 मीटर. म्हणजे लो-बेड ट्रेलर, जादा मापाची परवानगी आणि बहुधा रात्रीची वेळ. म्हणूनच शहरातल्या अरुंद साइटवर काउंटरवेट, बूम आणि ट्रॅक फ्रेम जागेवरच सुटे करून साध्या ट्रकने हलवण्याची पद्धत पडली. अशा वेळी जमिनीवर ताडपत्री आणि वाळू, दोन अग्निशामक, पाण्याची सोय आणि कटिंगनंतर अर्धा तास पहारा एवढे कंत्राटात लिहून घ्यावे. चासिस आणि इंजिनच्या नंबर प्लेटचे फोटो, भरलेल्या-रिकाम्या ट्रकच्या दोन्ही काटापावत्या आणि तेलाच्या मॅनिफेस्टची प्रत हाती आल्यावरच खरेदीदाराची अनामत परत करावी.